"बी पेरा, शंभरपट घ्या" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा, आमच्या घरचा अनुभव

सलाम सगळ्यांना. आपल्या नागपुरात जरीपटका, मार्टिन नगर, मोहन नगर, सदर, तिकडे कामठीपर्यंत आपली जी ख्रिस्ती कुटुंबं आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय, अन् जे ख्रिस्ती नाहीत त्यांनीही वाचा कारण ही पद्धत कुठल्याही देवाच्या नावाने चालू शकते. माझ्या मम्मीचे साडेचार लाख गेले. पप्पा रेल्वेत होते, त्यांच्या ग्रॅच्युइटी अन् पीएफमधले जे शिल्लक होते त्यातले बरेचसे, आणि शेवटी तिच्या पाटल्या मोडून आलेले. ज्याने घेतले त्याचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे, पण कसे घेतले ते सगळं सांगते.

सुरुवात पैशाने झालीच नाही. पप्पा गेल्यावर आठवड्यातून एकदा घरी कॉटेज मीटिंगला चार-पाच बाया यायला लागल्या, गाणी म्हणायच्या, मम्मीच्या शुगरसाठी प्रार्थना करायच्या, माझी नाईट ड्युटी असली की कोणीतरी डबा आणून द्यायचं. हे लिहिणं मला गरजेचं वाटतं कारण त्या बाया खोट्या नव्हत्या. त्यातल्या बहुतेकींचे स्वतःचे पैसे पण गेलेत. खोटा होता तो वरचा माणूस, ज्याने या प्रेमाचा रस्ता करून घराघरात हात घातला. मग त्यांनी मम्मीला हॉलवरच्या फेलोशिपला नेलं. तिथे मोठे स्पीकर, स्टेज, अन् दर वेळी साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते माइकवर सांगणं: कोणी म्हणायचं मी पाच हजाराचं बी पेरलं अन् मुलाला दुबईत नोकरी लागली, कोणी म्हणायचं घराचं लोन फिटलं. बी म्हणजे देवाच्या नावाने दिलेले पैसे. पहिल्यांदा एक हजाराचं बी मागितलं. मग पाच हजाराचं. मग "कराराचं बी" आलं, पन्नास हजाराचं, अन् ते देणारा "पार्टनर".

पार्टनरला दर महिन्याला दहा टक्के "आशीर्वाद" मिळणार असं तोंडी सांगितलं. म्हणे विश्वासी बिझनेसमन लोकांचं नेटवर्क आहे, एक्स्पोर्टचं काम आहे, जगाचा पैसा देवाच्या राज्यात वळवायचा आहे. मम्मीने पन्नास हजार दिले अन् पुढच्या महिन्यात पाच हजार खात्यात आले पण. तिने मला पासबुक दाखवलं, किती खूश होती काय सांगू. मी तिला म्हटलं मम्मी, पोस्टाच्या सिनियर सिटिझन स्कीममध्ये सरकार 8.2 टक्के देते, ते वर्षाला, हा माणूस महिन्याला दहा म्हणजे वर्षाला एकशेवीस टक्के कुठून देणार? ती म्हणाली, "बाई, तू देवाला कॅल्क्युलेटरवर नको मोजू." हे वाक्य तिचं नव्हतं, स्टेजवरून आलेलं होतं.

ते पाच हजार कुठून यायचे ते आता कळलं. मम्मीच्या नंतर जी बाई पन्नास हजार द्यायची, त्यातलेच मम्मीला. धंदा बिंदा काही नव्हता. नवीन लोक येत राहिले तोवर जुन्यांना मिळत राहिलं, आणि ज्याला मिळालं तो माइकवर जाऊन साक्ष द्यायचा, ती ऐकून अजून लोक यायचे. साक्ष देणारा खरंच बोलत असतो, त्याला पैसे खरंच मिळालेले असतात, म्हणून तर ऐकणारा फसतो. मम्मीने पण साक्ष दिली होती. त्या साक्षीनंतर कोणी कोणी पैसे भरले या विचाराने ती आजही रडते.

मग पैसे थांबले. आधी म्हणाले बँकेचा प्रॉब्लेम आहे. मग सैतानाचा हल्ला आहे, उपास करा. अन् मग जे केलं त्याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे. मम्मीला म्हणाले, सिस्टर, तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतोय, घरात कोणी शंका घेतं का? म्हणजे मी. कितीतरी दिवस मम्मी माझ्याशी नीट बोलत नव्हती, तिला खरंच वाटत होतं माझ्या शंकेमुळे आशीर्वाद अडकला. आणि अडकलेला मोकळा करायला अजून एक बी पेरा म्हणे, त्यात पाटल्या गेल्या. बाप्पा, विधवा बाईच्या हातातल्या पाटल्या! काही महिन्यांनी हॉलला कुलूप, फोन बंद.

आता जे सांगायचं आहे ते नीट वाचा. या माणसाने एकही वचन बायबलच्या बाहेरचं वापरलं नाही. सगळी वचनं खरी होती, अन् प्रत्येक वेळी त्याने एक ओळ उचलली अन् तिच्या मागची-पुढची सोडून दिली. हे माझ्या लक्षात आलं ते सगळं झाल्यावर, मम्मीच्या वहीत त्याने लिहून दिलेली वचनं होती ती घेऊन मी एकेक उघडून बसले तेव्हा.

शंभरपटीचं वचन मार्क 10:30. त्यात येशू म्हणतो घरं, भाऊ, बहिणी, शेतं शंभरपटीने मिळतील, अन् त्याच ओळीत, पुढच्या नाही, त्याच ओळीत लिहिलंय की छळासह. स्टेजवर तो शब्द कधी वाचला गेला नाही. लूक 6:38, द्या म्हणजे तुम्हाला दिलं जाईल, माप दाबून हलवून. तीन ओळी मागे जा, 6:35, परत मिळायची आशा न धरता द्या असं आहे. जिथे परत मिळायची आशाच धरू नका म्हटलंय तिथून यांनी दहा टक्के काढले! मलाखी 3:10 दशमांशाचं, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला देण्याचं, भांडारात आणा अन् आकाशाच्या खिडक्या उघडतात की नाही बघा. त्याच अध्यायाची पाचवी ओळ वाचा, देव म्हणतो मी न्याय करायला येतोय, जे मजुराची मजुरी मारतात, विधवेला अन् अनाथाला छळतात त्यांच्याविरुद्ध.

गरीब विधवेच्या दोन टोल्या तर मम्मीला दर वेळी ऐकवायचे, तिनेही होतं नव्हतं ते सगळं टाकलं, तुम्ही काय धरून बसलात. मार्क 12 काढा. विधवा येते एकेचाळीसाव्या ओळीपासून. चाळीसाव्या ओळीत येशू शास्त्री लोकांबद्दल काय म्हणतो? ते विधवांची घरं गिळतात अन् देखाव्यासाठी लांब लांब प्रार्थना करतात, त्यांना जास्त शिक्षा होईल. एकाच्या खाली एक आहे हे. मी मम्मीला वाचून दाखवलं तेव्हा तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं अन् स्वतः परत परत वाचलं.

सारफथच्या विधवेची गोष्ट पण वापरली, शेवटचं पीठ आधी एलिया संदेष्ट्याला दिलं म्हणून तिचं मडकं रिकामं झालं नाही. खरं आहे, 1 राजे 17. पण एलिया तिच्याच घरी राहिला, तिच्याच मडक्यातलं खाल्लं, दुष्काळात तिच्यासोबत जगला. पीठ घेऊन दुसऱ्या गावी गाडी घ्यायला नाही गेला. आणि जी गोष्ट यांनी कधीच सांगितली नाही ती 2 राजे 4 मधली. एका विधवेवर कर्ज आहे, सावकार तिच्या पोरांना गुलाम करायला नेणार. अलीशा संदेष्टा तिच्याकडे काहीच मागत नाही. विचारतो घरात काय आहे, ती म्हणते एक तेलाची कुपी. तेल वाढतं, शेजारपाजाऱ्यांची सगळी भांडी भरतात, अन् अलीशा म्हणतो जा, तेल विक, कर्ज फेड, उरेल त्यावर तू अन् तुझी पोरं जगा. कर्ज फेडणं, पोरं घरात राहणं, उद्याचं जेवण असणं. माझ्या मते बायबलमधली समृद्धी ही आहे, यात चमत्कार पण आहे अन् देवाचा माणूस रिकाम्या हाताने परत जातो. पुढच्याच अध्यायात अलीशाचा नोकर गेहजी, अलीशाने बऱ्या केलेल्या नामान सेनापतीकडून खोटं बोलून चांदी अन् कपडे उकळतो, अन् त्याचं काय झालं ते आपल्या संडे स्कूलच्या पोरांनाही माहीत आहे, नामानाचं कोड त्यालाच लागलं.

हे बी पेरण्याचं शिक्षण मुळात आपल्याकडचं नाही, अमेरिकेतून आलंय, तिथे ओरल रॉबर्ट्स वगैरे टीव्हीवरच्या प्रचारकांनी ते पसरवलं. तिथेच जिम बेकर म्हणून एक फार मोठा टीव्ही प्रचारक होता, तोही लोकांना "पार्टनर" करायचा, हजार डॉलर द्या अन् दर वर्षी आमच्या रिसॉर्टमध्ये तीन रात्री फुकट राहा, अन् जेवढ्या खोल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांना पार्टनर केलं. 1989 मध्ये फसवणुकीत दोषी ठरला, तुरुंगात गेला. तिथे त्याने पूर्ण बायबल वाचलं अन् नंतर स्वतः लिहिलं की आपण वचनं संदर्भातून तोडून शिकवत होतो. ज्याने हे विकलं त्यानेच हे म्हटलंय.

आणि आपल्याच नागपूरचं बघा ना. नारायण वामन टिळक नागपूरला असायचे, राजनांदगावला जाताना रेल्वेत एका मिशनऱ्याने त्यांना नवा करार दिला अन् 1895 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. काय मिळालं? घरचे तुटले, बायको कितीतरी वर्षं वेगळी राहिली. शेवटी 1917 मध्ये तर मिशनचा पगारही सोडला अन् साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. स्टेजवरच्या हिशोबाने हा माणूस विश्वासात कच्चा म्हणायचा का? आपण आजही दर रविवारी त्यांची गाणी गातो. बायबलमधल्या प्रेषित पौलाचं "मी सर्व काही करू शकतो" हे वाक्य गाड्यांवर स्टिकर लावून फिरतात लोक, ते त्याने कैदेतून लिहिलंय, अन् त्याच्या आधीची ओळ आहे की मला उपाशी राहणंही कळतं अन् तृप्त असणंही कळतं. मम्मीला हे शिकवायची गरज नव्हती खरं तर. पप्पांच्या एका पगारात तिने आम्हा तिघांना शिकवलं, दारात आलेल्याला कधी उपाशी पाठवलं नाही, कोणाचं पाच रुपयाचं देणं ठेवलं नाही. तिला त्या हॉलमध्ये पटवून दिलं की तू गरीब आहेस कारण तुझा विश्वास छोटा आहे. हे त्यांनी तिच्याकडून घेतलं ते पासबुकात दिसत नाही.

आता कायद्याचं, कारण इथे खूप लोक अडकतात. पैसे देताना मम्मीकडून इंग्रजीत छापलेल्या कागदावर सही घेतली होती. त्यात लिहिलं होतं की हे स्वखुशीने दिलेलं दान आहे, परत मागता येणार नाही. तोंडाने दहा टक्के, कागदावर दान. मी पहिल्यांदा ठाण्यात गेले तर तेच ऐकायला मिळालं, मॅडम हे तर डोनेशन आहे. पण दानावर दर महिन्याला रक्कम परत येत नाही ना! पासबुकात त्या माणसाच्या खात्यातून ठरलेल्या तारखेला आलेल्या एन्ट्री आहेत, व्हॉट्सअपवर त्याच्या व्हॉइस नोट आहेत ज्यात तो टक्के सांगतोय. वकिलाने हे सगळं लावून तक्रार लिहून दिली तेव्हा आर्थिक गुन्हे शाखेने ती घेतली. असा जास्त परतावा सांगून लोकांकडून पैसे गोळा करण्यासाठी महाराष्ट्रात 1999 चा ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात, त्यात आरोपीची मालमत्ता जप्त करता येते, आणि केंद्राचा 2019 चा अनियमित ठेव योजनांवर बंदीचा कायदा पण आहे. कोणी ट्रस्ट म्हणून पैसे घेत असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे तो नोंदलेला आहे का ते आधी विचारा. आमच्या चर्चला दर वर्षी सभेत हिशेब वाचतात, लोक भांडतात पण त्यावर, ते भांडण असू द्या, चांगलं आहे ते. जिथे हिशेब विचारला की तुम्हाला बंडखोर म्हणतात तिथून उठा.

लोक तक्रारीला का येत नाहीत ते पण सांगते. एक तर लाज. दुसरं, आपलीच माणसं म्हणतात की आपण थोडे लोक, बाहेर गेलं तर ख्रिस्ती लोकांचं नाव खराब होईल, आधीच आपल्याकडे बोटं दाखवतात. मला ही भीती समजते, मी पण या शहरात अल्पसंख्याक म्हणूनच राहते. पण मार्टिन नगरातल्या दुसऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाईची पेन्शन त्या भीतीपोटी जाऊ द्यायची का? अन् जे वचन फेकतात की विश्वासी माणूस विश्वासी माणसाला कोर्टात नेत नाही, 1 करिंथ 6, त्याची आठवी अन् दहावी ओळ वाचा, पौल तिथे भावांनाच लुबाडणाऱ्यांवर चिडलाय, लुबाडणाऱ्यांना देवाच्या राज्यात वाटा नाही म्हणतो. "अभिषिक्ताला हात लावू नका" हे स्तोत्र 105 मधलं. तिथे देव राजांना दम देतोय, परक्या मुलखात फिरणाऱ्या मूठभर लोकांना त्रास देऊ नका म्हणून. ते दुबळ्यांच्या बाजूचं वचन आहे, स्टेजवरच्या माणसाच्या हिशेबाला झाकायचं नाही.

ज्यांनी त्या हॉलमध्ये पैसे दिले त्यांना विनंती, व्हॉट्सअप चॅट अन् व्हॉइस नोट डिलीट करू नका, फोन बदलत असाल तर आधी बॅकअप घ्या. बँकेतून शिक्का मारलेलं स्टेटमेंट काढा. रोख दिले असतील तर त्याच्या आसपास खात्यातून किती काढले ते दाखवा, सोनं मोडलं असेल तर सराफाची पावती शोधा, सोबत कोण होतं त्याचं नाव लिहून ठेवा. तो माणूस किंवा त्याचा कोणी आता फोन करून "अर्धे देतो, आधी तक्रार मागे घ्या" म्हणत असेल तर काहीही सही करू नका, आमच्याकडे असा फोन येऊन गेलाय. ऑनलाइन पाठवले असतील अन् ताजं असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. आणि आर्थिक गुन्हे शाखेत एकेकटे जाऊ नका, जितके जास्त जण एकत्र जबाब देतील तितकी केस घट्ट होते, मम्मी स्वतः यायला तयार आहे तुमच्यासोबत.