पहिला जुना पाईप: ब्रायरचा की मीअरशॉमचा?

तंबाखू ओढायचा जुना पाईप घेऊन तो स्वतःच्या हातांनी नीट करायची हौस असेल, तर पहिला ब्रायरचाच घ्या. मीअरशॉम कितीही मोहात पाडो, त्याची पाळी नंतर.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी वाढणारी गाठ. हे लाकूड आच सोसतं आणि नवशिक्याच्या चुकाही. तंबाखू भरायच्या वाटीतली काजळी खरवडून थर मिलिमीटरभर ठेवायचा. मग वाटीत मीठ भरून त्यावर थेंब थेंब स्पिरिट सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं. जुना वास बराच निघतो. मीठ मात्र दांड्यात शिरू देऊ नका. ओठांत धरायची तोंडी बहुधा व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराची असते. उजेडाने ती हिरवट-तपकिरी पडते. ६०० नंबरच्या वॉटर पेपरपासून २००० पर्यंत धीराने घासत गेलात की आतला काळाभोर रंग वर येतो. तो पाहण्याचं सुख मोठं आहे.

डोळ्यांत तेल घालून जपायचा तो दांड्यावरचा शिक्का. पीटरसन या आयरिश कंपनीच्या पाईपवर ‘मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ असेल तर तो १९४९ नंतरचा. डनहिल या इंग्लिश कंपनीच्या पाईपवर ‘इंग्लंड’च्या पुढचा बारीक आकडा वर्ष ओळखायला लागतो. तिथे कागद फिरला की पाईपचा जन्मदाखलाच गेला.

मीअरशॉम हा मुळात दगड: सेपिओलाइट. हलका, पांढरा, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ, ओला झाला की आणखी मऊ. तुर्कस्तानातलं एस्किशेहिर त्यासाठी प्रसिद्ध; १९व्या शतकात व्हिएन्नाच्या कारागिरांनी त्यात फार देखणं कोरीवकाम केलं. मेण मुरवलेला हा पांढरा पाईप वापराने पिवळा, मग मधाच्या रंगाचा, पुढे तपकिरी होत जातो. त्याचं मोल त्या रंगात आहे. घासलात की रंग जातो, स्पिरिट लावलंत तर मेण निघतं, अंबरची, म्हणजे दगडासारख्या झालेल्या राळेची तोंडी असेल तर तीही धुरकटते. म्हणून इथे दुरुस्ती म्हणजे कोरडा मऊ ब्रश, आतून पाईप क्लीनर, बस्स.

हाताला काम हवं असेल तर हे फार थोडं आहे. नुसतं जवळ बाळगायचं, न्याहाळायचं असेल तर मात्र मीअरशॉम जरूर घ्या, शक्यतो त्याच्या मूळ चामडी पेटीसकट. आधी वाटी उजेडासमोर फिरवून केसाएवढी चीर आहे का ते बघा. तोंडी घट्ट बसली असेल तर जोर लावू नका. बरेचदा आत हाडाचा नाजूक आटा असतो.