बिननावाची पांढरी डबी

माझ्या कमरेवर, परकराची नाडी जिथे बसते नेमक्या त्या रेषेवर, गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात रुपयाएवढा लाल चट्टा उठला. त्याची कड उंचावलेली होती, मधली त्वचा जवळजवळ स्वच्छ होती आणि खाज इतकी होती की फळ्यावर लिहिताना दुसरा हात आपोआप कमरेकडे जात असे. सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात घामेजलेल्या नाडीखाली गजकर्ण होणे यात काहीच विशेष नाही, हे मला आज कळते. त्या वेळी मात्र मला केवळ लाज वाटली.

जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात याचे उपचार होतात हे मला ठाऊक होते. परंतु तिथल्या दारावर ‘त्वचा, गुप्तरोग व कुष्ठरोग विभाग’ अशी पाटी आहे, आणि आमच्या गावची माणसे तिथे रोज जात-येत असल्यामुळे त्या पाटीखाली रांगेत उभे राहणे माझ्या जिवावर आले. गावातल्या बसस्थानकासमोर मात्र काचेचे दार असलेले एक ‘स्किन क्लिनिक’ नुकतेच उघडले होते. फलकावर ‘त्वचारोग तज्ज्ञ’ असे ठळक लिहिलेले होते आणि पुढे इंग्रजी अक्षरांची लांबलचक माळ होती. विद्यार्थ्यांच्या दाखल्यावरील जन्मतारीख दोनदा पडताळून पाहणाऱ्या मला ती अक्षरे एकदाही वाचावीशी वाटली नाहीत.

त्या गृहस्थांनी चट्टा दुरूनच पाहिला. ‘‘ताई, हा रक्तातला दोष आहे. वांगी आणि आंबट बंद करा, आमचा कोर्स घ्या, मुळापासून जाईल,’’ असे सांगून त्यांनी नोंदणीचे ५०० आणि कोर्सचे ६,००० रुपये घेतले. आतल्या खोलीतून एक पांढरी डबी आली. तिच्यावर नाव नव्हते, तारीख नव्हती, कंपनी नव्हती. ‘‘हे आमचे स्वतःचे मलम आहे, बाहेर मिळणार नाही,’’ एवढेच कळले. दर पंधरवड्याला नवी डबी, तिचे ३५० रुपये वेगळे.

तिसऱ्या दिवशी खाज थांबली आणि आठवड्यात लाली गेली. माझा विश्वास बसला तो या गुणामुळेच, आणि फसवणुकीचे सारे बळही नेमके या गुणातच होते. डबी संपली की चार दिवसांत चट्टा पूर्वीपेक्षा मोठा होऊन परत येई, आणि मी नवी डबी आणायला धावत असे. सप्टेंबरपर्यंत अकरा डब्या झाल्या, चट्टे मांड्यांपर्यंत उतरले, आणि ‘आता लेझर लागेल’ असे म्हणून एका लाल दिव्याच्या यंत्राखाली बसवण्याचे २,५०० रुपयेही मी दिले. एकूण हिशेब १२,८५० रुपयांचा झाला आणि पावती एकाही पैशाची मिळाली नाही.

एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून पाहत होते, पण तिचा अर्थ मला लागला नाही. डबीतले मलम शेवयांसारखे वळ्या-वळ्यांनी पडलेले असे. खलात घोटलेले मलम असे दिसत नाही. दुकानातल्या मलमाच्या नळीतून पिळलेले दिसते.

अखेर पुतण्यालाही चट्टे उठले, तेव्हा लाज बाजूला ठेवून मी त्या पाटीखालच्या रांगेत उभी राहिले. आतल्या तरुण डॉक्टर बाईंनी कडेचा कोंडा बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकातून मला बुरशीचे तंतू दाखवले. मग डबी उघडून त्या म्हणाल्या, ‘‘काकू, यात बहुतेक क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टिरॉइड असणार. तुमच्या त्वचेवर त्याच्या खुणा दिसताहेत.’’ स्टिरॉइड खाज आणि लाली दडपते, पण बुरशी मारत नाही. उलट त्वचेचा प्रतिकारच दबल्यामुळे बुरशी आत मोकाट वाढते आणि गजकर्णाचे रूप असे बदलते की जाणत्यालाही ते पटकन ओळखू येत नाही. अशी मलमे औषधाच्या दुकानात कित्येकदा शंभर रुपयांच्या आत मिळतात. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरीही ती मागितली तर सहज हातात पडतात, हा माझा नंतरचा अनुभव आहे.

खरे उपचार तीन महिने चालले. बुरशीनाशक गोळ्या, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे लावायचे साधे मलम, घरातल्या दोघांवर एकाच वेळी उपचार, टॉवेल वेगवेगळे, आणि परकर गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात वाळवणे. आरंभीच्या दोन आठवड्यांत खाज दुप्पट झाली. स्टिरॉइड बंद केल्यावर असे होते हे मला आधीच सांगितले होते, म्हणून मी टिकून राहिले. वांगी खाण्यास कोणाचीही हरकत नव्हती.

एमबीबीएसची साडेपाच वर्षे आणि त्यानंतर एम.डी.ची तीन वर्षे, असा त्या बाईंचा अभ्यास होता. क्लिनिकच्या फलकावरील अक्षरे मी त्यांना दाखवली, तेव्हा त्यांत एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.व्ही.डी. या त्वचारोग तज्ज्ञाच्या पदव्यांपैकी काहीच निघाले नाही. जे होते ते सौंदर्योपचारांच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र होते. डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर त्या क्लिनिकवाल्या गृहस्थांचे नाव टाकून पाहायला मला पाच मिनिटे लागली. नाव सापडले नाही.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे मी लेखी तक्रार दिली. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणे महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ नुसार गुन्हा आहे. त्यांनी पावती किंवा औषधाची चिठ्ठी मागितली. माझ्याजवळ उरलेल्या दोन डब्यांपलीकडे काही नव्हते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी हे शिक्षक कक्षात सांगितले. कुणीच काही बोलले नाही. शाळा सुटल्यावर मात्र दोन सहकारी माझ्या टेबलापाशी आल्या, दार लोटून घेतले आणि दोघींनीही आपापल्या पर्समधून तशीच पांढरी डबी काढली. एकीने ती गालावरच्या वांगांसाठी घेतली होती. आता तक्रारीवर तिघींच्या सह्या आहेत. माझ्या मांडीवर बाळंतपणानंतर पोटावर येतात तसे पांढरे वळ आहेत, आणि ते जाणार नाहीत, असे डॉक्टर बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते.