ताशी २५ किमीच्या गाडीचं स्पीड लॉक दुकानातच काढलं होतं: लो-स्पीड स्कूटरचा वापरानंतरचा अनुभव

बॅटरीचा सेट वॉरंटीत असतानाच निकामी झाला आणि कंपनीच्या माणसाने "गाडीत छेडछाड झालीय, क्लेम बसत नाही" असं तोंडावर सांगितलं, म्हणून हे लिहायला घेतलं. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हा प्रकार बिननंबरच्या कुठल्याही स्कूटरमध्ये होऊ शकतो. ६० व्होल्ट, लेड-अ‍ॅसिडच्या पाच बॅटऱ्या, मागच्या चाकात २५० वॅटची म्हणून विकतात ती मोटर, पुढे-मागे ड्रम ब्रेक.

गाडी घेतली ती मुलीसाठी. ती अकरावीला आहे, लायसन्स नाही, आणि विश्रामबागेतून सांगलीत क्लासला रोज रिक्षा परवडत नाही. दुपारी तीच गाडी मी मिरजेला नेते, तिथल्या एका दुकानाचे हिशेब माझ्याकडे आहेत. साठ हजारांच्या आत बसणारी, पासिंग नको, इन्शुरन्स नको, पोरीला कायद्याने चालवता येईल अशी गाडी हवी होती. हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

पहिले काही महिने माझं मत असं होतं की गाडी पळायला झकास, पण रेंज फसवी. पत्रकावर साठ-पासष्ट किलोमीटर लिहिलेले, हातात पस्तीसच्या आसपास पडत होते. मिरजेहून परत येताना वानलेसवाडीपाशीच काटा लाल पट्ट्यात. मीटरवर मात्र ३७-३८ चा आकडा दिसायचा. गाड्यांचे मीटर थोडं जास्तच दाखवतात, तसंच हे असेल असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. एका रविवारी मोकळ्या रस्त्यावर भावाने फोनच्या जीपीएसवर वेग पाहिला, तो निघाला ३६. म्हणजे मीटर खरं बोलत होतं. २५ ची म्हणून विकलेली गाडी ३६ ने पळत होती.

मग बॅटरीचा सेट बसला, म्हणजे निकामी झाला. सकाळी फुल दाखवायचं आणि पुष्पराज चौकापर्यंत चार्जची दोन घरं उडालेली. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या करणारा एक जुना मिस्त्री ओळखीचा आहे, त्याच्याकडे नेली. त्याने पायाखालची फळी काढली, स्टँडवर लावलेलं मागचं चाक ब्रेक अर्धवट धरून फिरवायला सांगितलं आणि मल्टिमीटरच्या पिना एकेका बॅटरीवर ठेवत गेला. चार बॅटऱ्या लोडवरसुद्धा बाराच्या वर राहिल्या. एक मात्र १२.६ वरून सरळ ९.८ वर आली. पाच बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यातली एक दमली की अख्खी साखळी दमते. तिच्यामुळे कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा, कट मारत होता.

नंतर त्याने सीटखालचा कंट्रोलर बाहेर ओढला. वायरींच्या गठ्ठ्यात दोन पांढऱ्या वायरी होत्या, टोकाला कनेक्टर, एकमेकांपासून सोडवलेल्या आणि वर काळी टेप गुंडाळलेली. गठ्ठ्यातली बाकीची टेप धुळीने राखाडी झाली होती, ही एवढी चकचकीत. "वहिनी, ही स्पीड लॉकची वायर, गाडी २५ वर रोखणारी. कुणीतरी काढलीया, कंपनीतनं अशी येत नाही." आमच्या घरात कोणी कंट्रोलरला हात लावलेला नाही आणि पहिली दोन्ही सर्व्हिसिंग विकणाऱ्या दुकानातच झाली. डिलिव्हरीच्या दिवशी तिथला पोरगा "ताई, गाडी मोकळी करून दिलीय, पळंल चांगली" असं म्हणाला होता. नवी गाडी तपासून, धुऊन देतात, त्याबद्दल बोलतोय असंच कोणालाही वाटलं असतं.

मिस्त्रीने वायर तिथेच जोडली. परत येताना गाडी २५ वर येऊन थांबली, मूठ कितीही पिळा.

इथून माझं मत बदललं, तेही रेंजबद्दल आधी. दुकानदाराशी बोलणी चालू असताना त्या एका बॅटरीच्या जागी मिस्त्रीकडची तशीच वापरलेली बॅटरी लावून गाडी चालवली. त्याच रस्त्यावर, त्याच ओझ्याने, पन्नासच्या आसपास किलोमीटर मिळायला लागले. वेग वाढला की वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. २५ ऐवजी ३६ ने जाताना दर किलोमीटरला निव्वळ वाऱ्याशी झगडायला दुपटीने वीज जाते. त्यात लेड-अ‍ॅसिडचा स्वभाव असा की जोरात करंट ओढला तर ती आपली पूर्ण क्षमता देतच नाही. रोज अशी पिळून, तळापर्यंत उतरवली की सेट लवकर जातो. एका चार्जला दोन-सव्वादोन युनिट लागतात, तेवढ्याच युनिटात आता जवळपास दीडपट अंतर होतं. रेंज फसवी हा माझा शेरा मी मागे घेते. गाडी ठीक होती, दुकानात तिला बिघडवलं.

ब्रेकचंही तेच. ३६ वरून थांबायला २५ च्या दुपटीने अंतर लागतं, आणि ते ड्रम, ती दहा इंची चाकं २५ चा हिशेब धरून बसवलेली आहेत. पावसात मार्केट यार्डासमोर ट्रकमागे गाडी लवकर थांबत नाही असं मुलगी म्हणायची, तेव्हा आम्ही तिलाच हळू चालव म्हणून सांगत होतो. हे आठवलं की माझा संताप होतो.

आणि आता तो पासिंगचा मुद्दा. अशा गाडीला नंबर लागत नाही, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती मोटार वाहन धरली जात नाही. त्याला अटी आहेत: मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-तपासणी संस्थेने तसं तपासून मान्य केलेलं. यातली वेगाची अट मोडली की ती मोटार वाहन झाली, तेही बिनपासिंग, बिनइन्शुरन्स. मग माझी सतरा वर्षांची मुलगी लायसन्सशिवाय मोटार वाहन चालवत होती असा अर्थ होतो. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, हे मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ २०१९ च्या दुरुस्तीत आलं. कोणाला धडक बसली असती तर भरपाई आमच्या खिशातून. २०२२ च्या मे महिन्यात परिवहन आयुक्तांनी अशा फेरफार केलेल्या ई-बाइकवर कारवाई करायला सगळ्या आरटीओंना सांगितलं होतं. विक्रेत्यांना हे माहीत नाही असं कोणी मला सांगू नये.

२५ चा वेग कमी पडतो ही तक्रार खोटी नाही. सांगली-मिरज रस्त्यावर मागून एसटीचा हॉर्न बसतो, चढावर दोघं असू तर गाडी आणखी मंदावते. मी आता शक्य तिथे आतल्या रस्त्याने जाते, पाच-सात मिनिटं जास्त जातात. ज्याला रोज हायवेच्या कडेने लांब जायचं आहे त्याने चाळीस-पन्नास हजार जास्त घालून हिरव्या पाटीची, पासिंगवाली गाडी घ्यावी. स्वस्त गाडीचं लॉक काढून ती मिळत नाही. तिची मोटर, ब्रेक, बॅटरी, सगळंच वेगळं असतं.

घेणाऱ्यांनी एवढं करा. बिलावर "कमाल वेग २५ किमी, स्पीड लॉक चालू" असं लिहून सही-शिक्का घ्या. तपासणी संस्थेच्या मान्यतेची झेरॉक्स मागा. ताबा घेण्याआधी सपाट रस्त्यावर फोनच्या जीपीएसवर वेग बघा, २५ च्या वर गेली तर गाडी तिथेच ठेवा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे.

भांडणाचं म्हणाल तर, दुकानदार आधी "तुम्हीच सांगितलं होतं" म्हणाला. माझ्याकडे टेपचे आणि कनेक्टरचे फोटो आहेत, दोन्ही सर्व्हिसिंगच्या पावत्या आहेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा चार दिवसांत त्याचा फोन आला आणि एक बॅटरी बदलून देतो म्हणाला. चार जुन्यांत एक नवी घातली की जुन्या तिला ओढतात, हे मिस्त्रीने आधीच बजावलं होतं, म्हणून मी नाही म्हटलं. मला पाचही बॅटऱ्या हव्यात आणि लॉक त्याच्या दुकानात काढलं गेलं असं कंपनीला त्याने लेखी कळवायला हवं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी लागत नाही. महिनाअखेरपर्यंत दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत तर तिथे अर्ज करणार आहे, कागद लावून ठेवले आहेत.