गंजलेली जुनी नाणी साफ करणं: काही महिन्यांच्या वापरानंतर काय कामाचं ठरलं, काय नाही

आधी निकाल, मग कारणं. तांब्या-चांदीच्या गंजलेल्या नाण्यांवर गेले काही महिने जे जे वापरून पाहिलं, त्यात सगळ्यात उपयोगी पडला तो स्टिरिओ मायक्रोस्कोप (दोन्ही डोळ्यांनी, खोलीसकट पाहता येणारा), आणि तो तर काहीच साफ करत नाही. दुसरा नंबर डिस्टिल्ड वॉटरचा. ‘काही सेकंदांत नव्यासारखं’ असं छापलेल्या बाटल्या यादीत तळाला, आणि अल्ट्रासोनिक मशीन, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून मळ झटकणारं, त्यांच्यापेक्षा थोडंसंच वर.

असं का, ते गंजाचा थर कसा बसतो यावरून कळतं. बराच काळ जमिनीत राहिलेल्या तांब्याच्या नाण्यावर धातूला लागून सहसा लालसर क्युप्राइट असतो, म्हणजे तांब्याचाच ऑक्साइड. त्याच्यावर हिरवा मॅलाकाइट, आणि सगळ्यात वर माती धरून बसलेला ओबडधोबड थर. आता मेख अशी, की अक्षरं, चेहरा, कडेचे ठिपके हे पुष्कळदा आतल्या धातूत उरलेलेच नसतात. नाण्याचा मूळ पृष्ठभाग या थरांमध्येच कुठेतरी टिकून असतो. त्यामुळे ‘सगळा गंज काढला’ म्हणजे बहुतेक वेळा छापच काढली. हाती उरतो खड्डे पडलेला, गुलाबी झाक असलेला तुकडा. म्हणून गंज कशाने निघतो याला फारसं महत्त्व नाही. कुठे थांबायचं हे दिसलं पाहिजे, आणि ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

वीसपट मोठं करून पाहिलं की हे लगेच पटतं. वाळका काटा किंवा टोकदार बांबूची काडी मातकट थराच्या कडेखाली आडवी सरकवायची, वरून दाबायचं नाही. थर सुटणार असेल तर जखमेवरची खपली निघावी तसा एकसंध तुकडा उडतो. खाली गडद हिरवा, गुळगुळीत, किंचित चकाकणारा पृष्ठभाग आणि त्यात एखाद्या अक्षराची धारदार कड दिसते. तिथे हात थांबवायचा. टोकाखाली अचानक लाल दिसायला लागलं तर आपण हिरव्याच्याही खाली गेलोय असं समजायचं. स्टीलची सुई आणि स्काल्पेलही वापरून पाहिले. हात बसलेल्या माणसासाठी ते ठीक आहेत, पण धातूपेक्षा मऊ हत्यारात चुकीला जागा असते. पितळी ब्रश मात्र कितीही लोक शिफारस करोत, त्याचे ओरखडे मायक्रोस्कोपखाली समांतर रेघांसारखे उमटलेले दिसतात. काचेच्या तंतूंच्या ब्रशचं काम चांगलं आहे, पण तुटलेले तंतू बोटात घुसतात, हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये.

डिस्टिल्ड वॉटरबद्दल तक्रार एकच, ते फार सावकाश काम करतं. नाणं भिजत ठेवायचं, पाणी बदलायचं, मधूनमधून मऊ ब्रश फिरवायचा, की पुन्हा भिजत. हे आठवडेच्या आठवडे चालतं. नळाचं पाणी चालत नाही, कारण त्यात क्लोराइड असतात आणि आपल्याला तर नेमके तेच बाहेर काढायचे असतात. ते निघताहेत का हे पाहायला काढलेल्या थोड्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतो. दुधाळ गढूळपणा आला तर अजून क्लोराइड आहेत. (हे द्रावण कातडीवर पडलं की काळे डाग पडतात आणि ते काही दिवस जात नाहीत.)

क्लोराइडचा एवढा बाऊ का, तर ब्राँझ डिसीज. नाण्याच्या पोटात क्युप्रस क्लोराइड, म्हणजे तांब्याचा एक क्षार, दडलेला असेल, तर हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळताच त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ते आम्ल पुन्हा तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, आणि चक्र चालूच राहतं. वर दिसते फिकट हिरवी, पिठूळ भुकटी. निरोगी पॅटिना (म्हणजे नाण्यावरचा घट्ट, टिकाऊ गंजाचा थर) काट्याने खरवडला तरी दाद देत नाही, ही भुकटी सहज झडते. शंका असेल तर नाणं ओलसर कापसाच्या शेजारी बंद डबीत एक-दोन दिवस ठेवावं. आजार जिवंत असेल तर नवे हिरवे ठिपके उगवतात. अशा नाण्यांसाठी सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं पाच टक्क्यांचं द्रावण वापरलं. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा मिळून ते घरी बनवता येतं. ते काम करतं, पण फुकट नाही. फार काळ भिजवलं तर पॅटिनाचा रंग निळसर व्हायला लागतो. या द्रावणाची सिल्व्हर नायट्रेटने चाचणी घ्यायची तर आधी नायट्रिक आम्लाने आम्लीय करावं लागतं. नाहीतर कार्बोनेटमुळेच साका बसतो आणि उगाच क्लोराइडचा भास होतो. संग्रहालयांतले संवर्धक बेन्झोट्रायाझोल हे गंज रोखणारं रसायनही वापरतात. त्याची वाफ आणि भुकटी घरात नको म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

ॲसिटोन हा या सगळ्यातला सरळमार्गी गडी. धातूशी त्याचं काही देणंघेणं नाही. तेल, चिकटपट्टीचा गोंद आणि विशेषतः मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून नाण्यावर येणारा हिरवट चिकट लेप तो विरघळवतो. मात्र शुद्ध ॲसिटोन घ्यावा, नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये रंग, वास आणि तेलं मिसळलेली असतात. भांडं काचेचं, खिडक्या उघड्या आणि आसपास ज्योत नाही, एवढं पाळलं की झालं. गंज मात्र याने निघत नाही. ती अपेक्षा ठेवून एक तारा देणाऱ्यांनी बाटलीवर अन्याय केलाय.

ऑलिव्ह तेलाची कीर्ती मला अनाकलनीय आहे. त्यातली मेदाम्लं तांब्याचे कार्बोनेट हळूहळू विरघळवतात हे खरं, पण म्हणजे ते चांगला पॅटिनाही विरघळवतंच. वर तेल खवट होतं, नाणं काळवंडतं, आणि ते पूर्ण काढायला शेवटी ॲसिटोनच लागतो. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचं तर बोलायलाच नको. आम्ल हिरव्या थरात आणि छापेत फरक करत नाही. शिवाय विरघळलेलं तांबं पुन्हा पृष्ठभागावर बसतं आणि नाण्याला तो ओळखीचा, कच्चा गुलाबी रंग येतो.

इलेक्ट्रॉलिसिस, म्हणजे नाणं द्रावणात बुडवून वीज सोडणं, दिसायला फार आकर्षक. बुडबुडे येतात, काळा गाळ सुटतो, काहीतरी होतंय असं वाटतं. होतं ते हे, की सगळे थर एकदम सुटतात, हवे तेही. त्यातून मिठाचं पाणी घेतलं तर क्लोरीन वायू निघू शकतो आणि स्टेनलेस स्टीलच्या ॲनोडमधून (धन टोकातून) क्रोमियमची विषारी संयुगं. घरच्या टेबलावर हे नकोच.

अल्ट्रासोनिक मशीनचा आवाज मोठा आणि काम छोटं. सैल माती काढायला बरं, पण ते काम ब्रशही करतो. आधीच सुटत आलेला पॅटिना त्यात पापुद्र्यांनी गळतो. भेगाळलेल्या चांदीला तर ते धोक्याचंच. तांबं मिसळलेली जुनी चांदी कालांतराने ठिसूळ होते, आतल्या कणांच्या सीमांवर तांबं वेगळं होऊन बसतं आणि नाणं टाइल्सवर पडलं तरी दोन तुकडे होऊ शकतात. सध्या माझं मशीन चष्मा धुतं आणि ते काम झकास करतं.

चांदीचा काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. बाजारातल्या ‘डिप’मध्ये, म्हणजे नाणं बुडवून साफ करायच्या द्रावणात, बहुधा थायोयुरिया आणि आम्ल असतं. बुडवलं की काळेपणा जातो, पण चांदीचा सूक्ष्म थरही जातो. टांकसाळीतून आलेल्या नाण्यावरची फिरती चमक ही ठोकताना धातू वाहिल्याने उमटलेल्या बारीक रेषांमुळे असते. डिपने त्या बोथट झाल्या की नाणं पांढरं दिसतं, जिवंत दिसत नाही. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याची युक्ती सल्फाइडची पुन्हा चांदी करते हे खरं, पण नैसर्गिक रंगछटा त्यातही पुसल्या जातात. उत्तरकालीन रोमन नाण्यांसारख्या, तांब्यावर चांदीचा अतिशय पातळ मुलामा असलेल्या नाण्यांवर यातलं काहीही वापरू नये. मुलामा एकदा गेला की गेला.

विकायचा विचार असेल तर आणखी एक. पीसीजीएस, एनजीसीसारख्या ग्रेडिंग संस्था घासलेल्या आधुनिक नाण्याला शेल्डन श्रेणीतला (नाण्याची स्थिती मोजायची पट्टी) १ ते ७० मधला आकडा सहसा देत नाहीत, ‘डिटेल्स’ असा शेरा मारतात. पीसीजीएसमध्ये साफसफाईचा कोड ९२ आहे. दिव्याखाली नाणं तिरकं फिरवलं की केसाएवढे ओरखडे दिसतात, आणि जाणकार आधी तेच पाहतो.

शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेण. रेनेसान्स वॅक्स हे त्यातलं प्रसिद्ध, मूळ सूत्र ब्रिटिश म्युझियममधलं. नाणं मंद उष्णतेवर पूर्ण वाळवून अगदी पातळ हात द्यावा. पॅटिनाला खोली येते आणि बोटांचे ठसे बसत नाहीत. पण ब्राँझ डिसीज त्याखाली थांबत नाही, फक्त उशिरा दिसतो. तो रोखायला कोरडी हवाच लागते, म्हणून हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस टक्क्यांच्या खाली राहील असं पाहतो, पस्तीस मिळाले तर उत्तम. शिशाची नाणी मात्र या सगळ्यातून वगळली. त्यांना लाकडी खणातून, विशेषतः ओकच्या, सुटणाऱ्या ॲसिटिक आम्लाची वाफही गंजायला पुरते. त्यांच्यावर येणारा पांढरा भुगा विषारी असतो, म्हणून ती पॉलिथिनच्या डबीत ठेवतो आणि हातमोजे घालूनच हाताळतो.