आजी विसरते: नैराश्य की अल्झायमर?

दोन्हींत माणूस गप्प होतो, नावं विसरतो आणि घरचे "वय झालं" म्हणून सोडून देतात. मला हे फार लागतं, कारण नैराश्य औषधांनी आणि समुपदेशनाने बरं होऊ शकतं.

नैराश्यात बदल बहुधा काही आठवड्यांत जाणवतो. आजी स्वतःच म्हणते, "माझ्या काही लक्षातच राहत नाही गं." काही विचारलं तर, "माहीत नाही." झोप, भूकही बिघडलेली असते.

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात घसरण हळूहळू, वर्षानुवर्षं. तक्रार घरचे करतात. आजी मात्र जेवून उठल्यावरही "मी जेवलेच नाही" असं ठामपणे सांगते, रोजच्या गल्लीत वाट चुकते.

कधी दोन्ही एकत्रही असतात. डॉक्टरांना बी-१२ जीवनसत्त्वाच्या आणि थायरॉईडच्या तपासणीबद्दल जरूर विचारा. बी-१२ किंवा थायरॉईडचं संप्रेरक कमी असलं तरी विसर पडू शकतो.