पीएमईजीपीचं अनुदान: २८ महिन्यांच्या वापरानंतर, आणि राहिलेले १,५८६ रुपये

गेल्या शुक्रवारी बँकेने जास्तीच्या घेतलेल्या व्याजाचे २५,६६७ रुपये कर्जखात्यात परत जमा झाले. मेसेज बघून बायको म्हणाली, "चला, मिटलं एकदाचं." मी म्हटलं, कुठलं मिटलं, १,५८६ कमी आहेत. ती आत निघून गेली.

पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, नवा धंदा काढायला बँकेचं कर्ज आणि त्यावर सरकारचं अनुदान. पात्रता काय, गावाला किती टक्के नि शहराला किती, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. माझी केस अशी. खुला प्रवर्ग, ग्रामीण भाग, प्रकल्प ८ लाखांचा. त्यात स्वतःचे ८० हजार, बँकेचे ७ लाख २० हजार, आणि पुढे त्याच कर्जात वळतं व्हायचं अनुदान प्रकल्पाच्या २५ टक्के, म्हणजे २ लाख. व्याज ११ टक्के. माल म्हणजे दोन डंक (मिरची कुटायची यंत्रं), एक पल्व्हरायझर (बारीक दळायचं मशीन), एक पिठाची गिरणी आणि थ्री फेज मीटर. कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव. आधी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत बारा वर्षं अकाउंट्सला होतो. लॉकडाऊननंतर कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी गेलो. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्ज सुटलं, मार्चमध्ये पहिली मिरची डंकात पडली.

मशीनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डंक चांगले आहेत. पल्व्हरायझरची जाळी दोनदा बदलली. मिरचीच्या खाटाने पहिला महिना सगळं घर शिंकत होतं, आता कोणी शिंकत नाही.

बोलायचंय ते टीडीआरवर, म्हणजे अनुदानाच्या मुदत ठेवीच्या पावतीवर.

नवख्यांना वाटतं की अनुदान म्हणजे पैसे हातात. पैसे हातात येत नाहीत. तुमच्या नावाने बँकेत तीन वर्षांची पावती होते आणि ती तिथे झोपून राहते. त्या पावतीवर तुम्हाला व्याज नाही. बदल्यात तेवढ्या रकमेच्या कर्जावर बँकेनेही व्याज लावायचं नाही, असं योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलंय. तीन वर्षांनी माणूस येऊन युनिट बघून जातो, चालू असेल तर ती रक्कम कर्जात वळती होते. कागदावर वाईट काहीच नाही.

माझी पावती व्हायलाच चौदा महिने गेले. तोवर पूर्ण ७ लाख २० हजारांवर व्याज भरलं. ते नियमाने बरोबर होतं, म्हणून गप्प बसलो. पावती झाली त्या दिवशी गावात पेढेही वाटले, हात दाखवून अवलक्षण. नंतर एका रात्री स्टेटमेंट घेऊन जुन्या सवयीने पेन्सिलने टिका मारत बसलो, तर व्याज अजून पूर्ण रकमेवरच पडत होतं. २ लाखांवर ११ टक्के म्हणजे वर्षाला २२ हजार, महिन्याला १,८३३. माझ्या दुकानात १,८३३ रुपये म्हणजे पंचेचाळीस किलो मिरची कुटावी लागते. ज्या पैशाला मी हातही लावला नाही, त्याच्यासाठी दर महिन्याला पंचेचाळीस किलो.

शाखेत गेलो. साहेब म्हणाले, "अहो, सिस्टिमच घेते ते, आमच्या हातात काय आहे?" मी म्हटलं, साहेब, सिस्टिममध्ये आकडा कोणीतरी घालतो ना? त्यांनी दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं, दुसऱ्या टेबलाने सोमवारी बोलावलं. पहिला अर्ज तोंडी विरला, दुसरा टेबलावर हरवला. तिसऱ्या वेळी मार्गदर्शक सूचनांची प्रिंट काढली, ती ओळ पिवळ्या पेनाने रंगवली, दोन प्रती नेल्या आणि एकीवर पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडली नाही. शिक्का मारताना त्या पोराने असं तोंड केलं की मी त्याचा पगार मागतोय. पण शिक्का बसला आणि काम हललं. अर्जाला पोच घ्या. या अख्ख्या लिखाणातलं हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी चालेल.

तर चौदा महिन्यांचे, १,८३३ च्या हिशेबाने, २५,६६७ परत आले. पण बँकेने माझ्याकडून घेताना दर महिन्याला व्याजावर व्याज लावलं होतं. तसं चढवलं तर २७,२५३ होतात. घेताना चक्रवाढ आणि देताना सरळ. फरक १,५८६. बायको म्हणते, तेवढ्याचं पेट्रोल तू बँकेत जाऊन-येऊन जाळलंस. जाळलं असेल.

आता मुद्द्यावर येतो, कारण हल्ली गावातली दोन-तीन पोरं विचारायला येतात, "दादा, अनुदान घ्यावं का? त्याने धंदा उभा राहतो का?"

पहिल्या वर्षी माझं उत्तर ठरलेलं होतं. गाजर आहे, नादाला लागू नका. कारण साधं. बेरोजगार माणसाची अडचण मशीन नसणं ही नसते, पहिलं वर्ष घर कशावर चालवायचं ही असते. चटणीचा, म्हणजे लाल तिखटाचा, धंदा फेब्रुवारी ते मे. पाऊस लागला की डंक बंद, गिरणीवर जेमतेम वीजबिल निघतं, दिवाळीच्या आधी भाजणीचे पंधरा दिवस बरे जातात. हप्ता मात्र बारा महिने १२,३०० चा. त्या पहिल्या जुलै-ऑगस्टमध्ये माझे दोन लाख अजून मंजुरीच्या फाइलीतच होते. हप्ता पीएफच्या पैशातून भरला.

त्या पावसाळ्यात फोनवर अशा योजनांबद्दलच वाचत बसलो होतो, दुसरं कामच नव्हतं. जर्मनीत २००३ मध्ये बेरोजगारांनी स्वतःचं काम सुरू करावं म्हणून एक योजना आणली होती. पहिल्या वर्षी महिन्याला ६०० युरो, दुसऱ्या वर्षी ३६०, तिसऱ्या वर्षी २४०. मशीनला नाही, माणसाच्या पोटाला. २००६ मध्ये ती बंद करून दुसरी आणली, पण तीही महिन्याचे पैसे देणारीच. पुढे अभ्यासकांनी पैसे घेतलेल्यांची तुलना त्यांच्यासारख्याच, पण न घेतलेल्या बेरोजगारांशी केली. पाचेक वर्षांनंतरही घेतलेले लोक जास्त प्रमाणात कामाला लागलेले होते आणि कमाईही जास्त होती. इथे मला एक गोष्ट खटकली, आणि नंतर तीच आवडली. "कामाला लागलेले" यात त्यांनी धंदा सोडून नोकरी धरलेलेही मोजले. म्हणजे तिकडे धंदा दोन वर्षं करून बघितला, हात बसला, ओळखी झाल्या, त्या जोरावर नोकरी मिळाली, तरी माणूस पास. आपल्याकडे युनिट बंद दिसलं की नापास, वर दोन लाख परत.

हे मी अनुभवाने सांगतोय. जुलै २०२४ मध्ये जुन्या साहेबांचा फोन आला. दुसऱ्या कंपनीत जागा होती, २४ हजार पगार. बाहेर मुसळधार पाऊस, डंकावर ताडपत्री, आणि मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेलो. नोकरी धरली तर युनिट बंद, आणि बंद म्हणजे नुकतेच चौदा महिने वाट बघून पावतीत पडलेले दोन लाख गेले. हात दगडाखाली. नाही म्हणून सांगितलं. त्या रात्री योजनेला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही.

म्हणून कुणी मला सांगितलं की अनुदान घेतलेले इतके टक्के धंदे तीन वर्षं टिकले, तर माझा पहिला प्रश्न असतो, चौथ्या वर्षी किती? तीन वर्षं तर मीही टिकणार आहे. कुलूप लावल्यावर घोडा तबेल्यातच राहणार. त्याला आपण होऊन राहायचं होतं का, ते कुलूप काढल्यावर कळेल.

आता जिथे माझं मत बदललं ते. नोकरी नाकारली म्हणून यंदाचा तिसरा हंगाम मिळाला, आणि तो चांगला गेला. गडहिंग्लजच्या बाजारातून संकेश्वरी मिरची स्वतः आणली, ब्याडगी मिसळून तयार चटणी किलो-किलोच्या पाकिटांत विकली. नुसत्या कांडपापेक्षा त्यात दुपटीने सुटलं. पहिल्या हंगामात लोक मला ओळखत नव्हते, दुसऱ्यात येऊन दर विचारून गेले, तिसऱ्यात मिरचीची पोती ठेवून गेले. दुसऱ्या पावसाळ्यात पळालो असतो तर हे दिसलंच नसतं. ज्या पावतीला शिव्या घातल्या तिनेच धरून ठेवलं. हे कबूल करायला जीवावर येतंय, पण हिशेब हिशेब असतो.

दुसरं असं, की दोन लाखांपेक्षा मोठी मदत मला उशिरा दिसली. फौंड्रीतून काढलेल्या, पगारपत्रक नसलेल्या, जमीन भावकीत अडकलेल्या माणसाला बँकेने तारण न मागता सात लाख दिले. का, तर योजनेची फाइल होती आणि १० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा तेव्हा नियम होता. योजना नसती तर मी धंदा केला नसता असं नाही. पीएफच्या पैशात जुना एक डंक घेऊन पडवीत बसवला असता. माझ्या चुलतभावाने तसंच केलं, एका रुपयाचं अनुदान न घेता, आणि त्याचं बरं चाललंय. त्याला हप्ता नाही, तपासणी नाही, पावसाळ्यात तो सेंट्रिंगच्या कामावर जातो. उलट शेजारच्या गावात एकाने द्रोण-पत्रावळीचं मशीन फक्त अनुदानासाठी घेतलंय, ते पोत्याखाली झाकलेलं आहे. पण आम्हा तिघांची तुलना करून काही सिद्ध होत नाही. तो पत्रावळीवाला अनुदान न घेताही बुडाला असता आणि भाऊ घेऊनही तरला असता.

खरी तुलना करायची तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. युगांडात तसं केलं होतं. २००८ मध्ये तरुणांच्या गटांनी अर्ज केले आणि पात्र गटांतून सोडतीने पैसे दिले, माणशी साधारण ३८२ डॉलर. चार वर्षांनी पैसे मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती. नऊ वर्षांनी पुन्हा बघितलं तर मागचे बरोबरीला आलेले, कमाईत फारसा फरक उरला नव्हता. अनुदानाने लवकर सुरुवात करून दिली, बाकीचे चालत पोचले. माझा भाऊ मला गाठणार हे मला दिसतंच आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच तपासणीच्या फॉर्मवर नाही. खालच्या आळीत आक्कांचा डंक होता. वीस-बावीस वर्षं जुना, एकच, सिंगल फेजवर धडधडणारा. आमच्या घरची चटणी मी लहानपणापासून तिथूनच आणली. माझे दोन डंक लागले, काम लवकर व्हायला लागलं, लोक वर यायला लागले. गेल्या वर्षी आक्कांनी मोटार विकली. मला एकदा बाजारात भेटल्या, म्हणाल्या, "बरं चाललंय न्हवं तुझं?" एवढंच. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. सरकारी आकड्यात माझं युनिट रोजगार निर्माण झाला म्हणून लागलंय. आक्कांचा गेला तो वजा कुठे करायचा, त्याला रकानाच नाही.

आकड्यांवरून आठवलं. २०२१-२२ मध्ये या योजनेत १.०३ लाख युनिटं उभी राहिली आणि ८.२५ लाख रोजगार झाले असं जाहीर झालं होतं. भागाकार करून बघा, युनिटमागे जवळजवळ आठ. मोजून एवढा नीट आकडा येत नाही, धरून येतो. माझ्याकडे मी, बायको अर्धा दिवस, आणि हंगामात चार महिने एक पोरगा. फार ताणलं तर दोन.

बोर्डाबद्दलही लिहिणार होतो. दारावर योजनेचं आणि बँकेचं नाव लिहिलेला बोर्ड लावावाच लागतो, आणि बघायला आलेला माणूस मशीन बघायच्या आधी बोर्डासोबत माझा फोटो काढतो. उन्हाने आणि तिखटाच्या धुळीने फ्लेक्स सहा महिन्यांत पांढरा पडतो. आतापर्यंत तीन झाले, ६५० प्रमाणे १,९५०. हा खर्च प्रकल्प अहवालात कुठेच नव्हता.

तर घ्यावं का? वर्षभर घर चालेल इतके पैसे गाठीला असतील तर घ्या. अनुदान मिळणारच नाही असं धरून हप्ता बसतो का ते बघा, बसत असेल तरच घ्या. हंगामी धंदा असेल तर हंगामात जास्त आणि पावसाळ्यात कमी असा हप्ता कर्ज सुटायच्या आधी लेखी मागा, नंतर कोणी ऐकत नाही. नोकरीसाठी अजून अर्ज चालू असतील तर घेऊ नका, तीन वर्षं अडकाल. पाचपैकी तीन तारे. गेल्या वर्षी दीड दिले असते.

पावतीवरची तीन वर्षं पुरी व्हायला अजून बावीस महिने आहेत. जुन्या साहेबांचा नंबर ठेवलेला आहे. चौथा अर्ज सोमवारी देतोय, विषय: रुपये १,५८६ फक्त. पोचेसाठी दोन प्रती काढून ठेवल्यात.