व्हीसीपीकेजी: लायब्ररी वापरायला उत्तम, इतरांना द्यायला मात्र मेहनत लागते

मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आणलेलं व्हीसीपीकेजी हे सी प्लस प्लसचं मोफत, ओपन सोर्स पॅकेज मॅनेजर, म्हणजे इतरांच्या लायब्ररी (पुन्हा वापरता येणारा कोड) आणून बसवणारं टूल. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेल्या फाइल) उतरवण्याऐवजी ते सोर्स आणून तुमच्याच कंपायलरने बिल्ड करतं, आणि हाच निर्णय मला सर्वात पटतो. सी प्लस प्लसमध्ये कंपायलर, रनटाइम (प्रोग्राम चालताना लागणारी भाषेची मूळ लायब्ररी), डीबग की रिलीज, यातलं एक जरी जुळलं नाही तरी लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारं टूल) अडतो. कधी तो अडतही नाही आणि प्रोग्राम चालताना कोसळतो. ते शोधणं फार जड जातं.

या सगळ्या निवडी ट्रिप्लेट नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये असतात. पहिली ठेच इथेच लागते. विंडोजवर ‘स्टॅटिक’ ट्रिप्लेट घेतलं की लायब्ररीसोबत सी रनटाइमही स्टॅटिक होतो, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलमध्येच मिसळतो. सीमेक (बिल्डची आखणी करणारं टूल) मात्र मुळात डायनॅमिक, म्हणजे वेगळ्या फाइलमधला, रनटाइम धरतो. मग दोन्ही जुळत नाहीत म्हणून लिंकरची एलएनके२०३८ ही एरर येते. लायब्ररी स्टॅटिक आणि रनटाइम डायनॅमिक हवा असेल तर ‘स्टॅटिक-एमडी’ ट्रिप्लेट घ्या.

व्हीसीपीकेजी सीमेकला जोडणाऱ्या टूलचेन फाइलचा पाथ सीमेकच्या पहिल्याच कॉन्फिगरला द्यावा लागतो. नंतर दिला तर उपयोग नाही; बिल्ड फोल्डर उडवून पुन्हा सुरुवात करा. मॅनिफेस्ट म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्ररींची यादी; तिच्यातली, आवृत्त्या ठरवणारी बेसलाइन म्हणजे व्हीसीपीकेजीचा एक गिट कमिट. सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) व्हीसीपीकेजीचा शॅलो क्लोन (जुना इतिहास नसलेली प्रत) केला तर तो कमिट सापडत नाही आणि बिल्ड तिथेच थांबतं. पूर्ण इतिहास आणा.

वेळ बराच खातं. प्रत्येक लायब्ररी डीबग आणि रिलीज अशी दोनदा बिल्ड होते. लिनक्सवर स्वतःच्या ट्रिप्लेटमध्ये फक्त रिलीज ठेवलं तर हे काम जवळपास निम्मं होतं. बायनरी कॅश (बिल्ड झालेल्या लायब्ररींचा साठा) टीमच्या सामायिक फोल्डरवर ठेवाच, पण कंपायलर अपडेट झाला की हॅश (साठ्यातली बायनरी ओळखायची खूण) बदलतो आणि सगळं नव्याने बिल्ड होतं. चुकीची जुनी बायनरी गळ्यात पडण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

तुमची लायब्ररी पोर्ट (व्हीसीपीकेजीला बसवता येईल असं पॅकेज) म्हणून द्यायची असेल तर पोर्टफाइल, म्हणजे बिल्डची कृती, लिहिणं अवघड नाही: सोर्सचा पत्ता, एसएचए५१२ (सोर्स तपासायचा हॅश), कॉन्फिगर, इन्स्टॉल, लायसन्स. अडतं ते लायब्ररीच्या स्वतःच्या सीमेक कॉन्फिग फाइलपाशी, म्हणजे वापरणाऱ्याच्या सीमेकला लायब्ररीची माहिती देणाऱ्या फाइलपाशी. स्टॅटिक बिल्डमध्ये ‘प्रायव्हेट’ म्हणून लिंक केलेली डिपेंडन्सीसुद्धा (तुमच्या लायब्ररीला लागणारी दुसरी लायब्ररी) शेवटच्या लिंकला लागते. म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये तिच्यासाठी ती शोधणारी फाइंड-डिपेंडन्सी ही कमांड हवीच, नाहीतर वापरणाऱ्याला ‘टार्गेट सापडलं नाही’ एवढंच दिसतं. डायनॅमिक बिल्डमध्ये ही चूक लपून राहते. तपासायचं असेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा, मूळ बिल्ड फोल्डर पुसा आणि दहा ओळींचा प्रोजेक्ट त्यावर लिंक करून पाहा. कॉन्फिगमध्ये राहून गेलेले ॲबसोल्यूट पाथही त्यातच उघडे पडतात.

लिनक्ससाठी तयार बायनरी वाटणार असाल तर जीलिबसीच्या (लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) आवृत्तीचा प्रश्न व्हीसीपीकेजी सोडवत नाही. नव्या डिस्ट्रोवर बांधलेली फाइल जुन्यावर सहसा सुरूच होत नाही. ज्या सर्वात जुन्या सिस्टमला सपोर्ट द्यायचा आहे, तिच्याच कंटेनरमध्ये बिल्ड करा. मेनीलिनक्स२०१४ ही अशाच कामासाठीची तयार कंटेनर इमेज जीलिबसी २.१७ वर आहे. व्हीसीपीकेजी तिच्यात बसवायला थोडी खटपट पडते, कारण तिथली काही टूल्स जुनी असतात.